ऑब्री थ्वेटच्या गाळलेल्या ओळी

तेरा वर्षं माझं काम एवढंच होतं.
शुक्रवारी दुपारी चारला त्याची संहिता यायची,
चहाचे डाग पडलेली, पानं उलटसुलट टाचलेली,
आणि मी लाल पेन्सिल घेऊन बसायचे
कोण अब्रूनुकसानीचा दावा ठोकेल, ते हुंगत.

मी चॅनेलची वकील.
विनोद कळला पाहिजे
अशी अट नेमणूकपत्रात नव्हती.

मी समासात लिहायचे, ‘पुरावा?’
तो खाली लिहून पाठवायचा, ‘त्यांचा चेहरा.’
मी लिहायचे, ‘मंत्र्यांना वाफवलेलं पुडिंग म्हणू नये.’
उत्तर यायचं, ‘मान्य. पुडिंगवाले दावा ठोकतील.’

त्याचा बाप हलच्या गोदीत मासे चिरायचा.
‘म्हातारा काटा काढून मासा विकायचा,’ ऑब्री म्हणायचा,
‘मी मासा काढून काटा विकतो.
वास तोच.
घरी गेल्यावर बायको तेच म्हणते, आधी हात धू.’

आज लंडनमध्ये त्याची स्मरणसभा झाली.
चर्च गार, बाकं अरुंद,
आणि पहिल्या दोन रांगांत
त्याने आयुष्यभर सोललेली माणसं,
सालासकट, इस्त्री करून बसलेली.
लॉर्ड पेमबरी काठी टेकत उभे राहिले.
म्हणाले, ‘माझी नक्कल तो माझ्यापेक्षा बरी करायचा.
आमची ही त्यालाच मत देणार होती.’
केवढा हशा!
पाद्रीसुद्धा डोळे पुसत होता.

मी हसले नाही असं नाही.
हसू आलं, मग आठवलं
यांच्याच सहीची तीन पत्रं माझ्या टेबलावर होती,
जाड कागद, बारीक धमकी,
आणि त्या शुक्रवारी मी एक अख्खं पान आडवं छाटलं होतं.

ऑब्री भांडला नाही.
रात्री पबमध्ये ग्लासाच्या बुडाकडे बघत म्हणाला,
‘शालजोडीतला मारावा,
तर ही माणसं शाल ठेवून घेतात
आणि जोडा पॉलिश करून परत पाठवतात.
वर चिठ्ठी: पुढच्या कार्यक्रमाची चार तिकिटं मिळतील का?’
मग म्हणाला, ‘तू तरी मला गंभीरपणे वाचतेस.
या देशात फक्त तूच घाबरतेस मला.’
ही शाबासकी होती की आणखी एक जोडा,
अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना मॅव्हिस माझ्याबरोबर होती,
बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या बाकावर,
मांडीवर लोकांनी दिलेली फुलं,
गाडीच्या हिसक्याबरोबर पाकळ्या सांडत.
‘घरी तो कोणाला हसवायचा नाही,’ ती म्हणाली,
‘लीक लावायचा. गोगलगायी पकडायचा.
त्यांना मात्र नावं दिलेली होती,
मंत्रिमंडळ बदललं की नावं बदलायचा.’
मग बराच वेळ खिडकी.

मी पर्समधून ते पान काढलं.
छत्तीस वर्षांत लाल रेघ तपकिरी झाली आहे,
खालचं टंकलेखन तसंच काळंभोर.
मी वाचून दाखवलं:
‘मंत्रिमहोदय खुलासा करतात की
रुग्णालय बंद केलेलं नाही.
रुग्णांना आपापल्या सोयीने मरण्याचं
स्वातंत्र्य देण्यात आलेलं आहे.’

मॅव्हिस म्हणाली, ‘यात हसण्यासारखं काही नाही.’
म्हटलं, ‘नाही.’
‘मग बरोबरच गाळलंस.’
म्हटलं, ‘नाही.’

मागच्या बाकावरची एक बाई पुढे वाकली,
सफाई कामगाराचा निळा डगला, हातात पावाची पिशवी.
म्हणाली, ‘माफ करा हं, कानावर पडलं.
कुठलं रुग्णालय?’

समासातली जुनी सवय जिभेवर आली.
गिळली.
नाव सांगितलं, गाव सांगितलं,
सहीखालचं नावसुद्धा सांगितलं,
आणि ती बाई, थांबा निघून गेला तरी,
उतरायचं विसरून म्हणाली,
‘माझी आई तिथेच होती.
पुन्हा एकदा वाचाल?’